एका भेटीत माणूस ओळखता येतो का?

चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून आणि बोलण्याच्या ढबीवरून समोरच्याचा स्वभाव ओळखता येतो का, हा प्रश्न लग्नासाठी स्थळे पाहणारी मंडळी मला हमखास विचारतात. ठाण्यात, नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात कळव्याहून येणाऱ्या एका तरुणीने तर त्यासाठी चक्क वही घातली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षभरात भेटलेल्या अकरा मुलांची त्या वहीत नोंद होती आणि प्रत्येक पानावर नाव, लक्षण व निष्कर्ष असे तीन रकाने पट्टीने आखलेले होते. 'हाताची घडी – अहंकारी.' 'पाय हलवतो – चंचल.' 'भरभर बोलतो – पुढे हुकूम सोडणार.' त्या तरुणीचे ठरलेले लग्न पूर्वी मोडले होते, कारण मुलाने डोक्यावरचे मोठे कर्ज लपवले होते. "मॅडम, तो इतका मोकळा हसायचा, की मला शंकाच आली नाही. आता पुन्हा फसायचं नाही," असे त्या म्हणाल्या.

पहिल्या दोन रकान्यांवर माझा आक्षेप नव्हता. त्यांची नजर खरोखरच बारीक होती. गडबड तिसऱ्या रकान्यात होती. मी स्वतः त्या वेळी हाताची घडी घालून बसले होते, कारण एसीचा झोत थेट माझ्या खुर्चीवर येतो. हे सांगितल्यावर त्यांना हसू आले, पण लगेच त्यांनी एका कार्यशाळेत ऐकलेला आकडा पुढे केला: संवादाचा 93 टक्के भाग म्हणे देहबोली आणि आवाज यांतूनच पोहोचतो. हा आकडा मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांवरून आला आहे. त्या प्रयोगांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याची छायाचित्रे यांवरून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायची होती. सगळ्या संवादाला तो लागू नाही, हे खुद्द मेहराबियन यांनीच सांगितले आहे. खोटे ओळखण्याबाबतही तसेच आहे. बाँड आणि डीपावलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात लोक सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरल्याचे दिसले. नाणे उडवले तरी निम्म्या वेळा बरोबर उत्तर मिळतेच. चेहऱ्यावर त्या क्षणीची भावना कधी उमटते, कधी मुद्दाम दाबली जाते. स्वभाव मात्र निरनिराळ्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या वागण्यातून कळतो, आणि त्याला वेळ लागतो.

सातव्या पानावर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. तिथे लिहिले होते: 'बोलता बोलता नजर खाली, मध्येच गप्प – काहीतरी लपवतो.' तलावपाळीजवळच्या हॉटेलात झालेली ती भेट मी त्यांना क्रमाने आठवायला लावली. तो नेमका कुठे थांबत होता, असे विचारल्यावर त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "स्वतःचं नाव सांगताना. कंपनीचं नाव सांगतानाही." लपवण्यासारखे काहीच नसलेल्या जागी माणूस अडखळत असेल, तर बोलण्यातील अडखळीचाही विचार करावा लागतो, कारण तोतरेपणा असलेल्या अनेकांची शब्द अडकताच नजर हटते. हाही माझा अंदाजच होता आणि मी तो तसाच सांगितला. त्यांनी दुसरी भेट घेतली, तेव्हा त्याने आपणहून सांगितले की शाळेपासून त्याचे शब्द अडकतात.

कर्जासारखी गोष्ट हसण्यावरून कळणार नाही, ती विचारावीच लागेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पगार, हप्ते, घरच्या जबाबदाऱ्या यांबद्दल थेट विचारावे आणि उत्तर कागदपत्रांशी ताडून पाहावे. यात संकोच कसला? भेटीही वेगवेगळ्या ठिकाणी, एखादी मित्रमंडळींसोबत, एखादी त्याच्या घरी घ्याव्यात, आणि ठरलेला बेत फिसकटला की तो कसा वागतो ते पाहावे.

तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी नकार कळवला. त्याला दोन वर्षांत नाशिकला परतायचे होते आणि यांना ठाण्यातील नोकरी सोडायची नव्हती. वही अजून चालू आहे. तिसऱ्या रकान्यात आता बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह असते.