'रिव्हर्स प्रॉक्सी'मध्ये उलट काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा: वेब होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलसाठी मराठी सूचना लिहिताना एका बटणाचं भाषांतर 'उलटा प्रतिनिधी सक्षम करा' असं झालं आहे. मूळ शब्द 'एनेबल रिव्हर्स प्रॉक्सी'. हे चालेल का, यात उलटं नेमकं काय होतं, आणि प्रॉक्सी 'तो' म्हणायचा की 'ती'?

उलटं काय होतं तिथूनच सुरुवात करू, कारण ते कळल्याशिवाय बाकीचे शब्द ठरत नाहीत. पुष्कळांची समजूत असते की माहिती उलट्या दिशेने वाहते म्हणून 'रिव्हर्स'. तसं काहीच होत नाही. विनंती ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाते आणि उत्तर सर्व्हरकडून ब्राउझरकडे येतं. प्रॉक्सी, म्हणजे या दोघांच्या मध्ये उभा राहणारा प्रोग्राम, साधी असो वा रिव्हर्स, हा क्रम तोच राहतो. बदलते ती बाजू. साधी प्रॉक्सी वापरणाऱ्याच्या वतीने बाहेर जाते, त्यामुळे वेबसाइटला वापरणाऱ्याचा पत्ता न दिसता प्रॉक्सीचा दिसतो. रिव्हर्स प्रॉक्सी सर्व्हरच्या वतीने दारात उभी असते, आणि येणाऱ्याला मागचा खरा सर्व्हर दिसतच नाही. कोणाच्या वतीने काम करायचं, एवढंच इथे पालटलेलं आहे.

गंमत म्हणजे मराठीत 'उलट' हा शब्द नेमक्या या अर्थाने आधीपासून आहे. 'उलटतपासणी' घ्या. तिच्यात साक्षीदार उलटा होत नाही की प्रश्न उलटे विचारले जात नाहीत. तपासणारा पक्ष बदलतो. म्हणून 'उलट प्रॉक्सी' असं कोणी लिहिलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. 'उलटा' मात्र नको. त्या एका कान्याने वस्तूच डोक्यावर उभी राहते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलं आहे.

'उलट'चा दुसरा अर्थ 'उलट टपाली उत्तर पाठवा' या वाक्प्रचारात आहे, म्हणजे परतीच्या वाटेने. तोही याच विषयात भेटतो, आणि तिथेच लोक सर्वात जास्त अडखळतात. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सीपास' आणि 'प्रॉक्सीपासरिव्हर्स' अशा दोन सूचना जोडीने लिहितात. वाचणारा समजतो की पहिली साध्या प्रॉक्सीची आणि दुसरी रिव्हर्स प्रॉक्सीची. पण दोन्ही रिव्हर्स प्रॉक्सीच्याच आहेत. पहिली आलेली विनंती मागे पोचवते. दुसरी परतीच्या वाटेवरच्या उत्तराचे हेडर, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी, तपासते. मागचं ॲप जर म्हणालं की 'आता १२७.०.०.१ वर, पोर्ट ३००० वरच्या लॉगिन पानावर जा', तर ब्राउझर तो पत्ता स्वतःच्याच संगणकावर शोधेल, कारण १२७.०.०.१ म्हणजे ज्याचं त्याचं स्वतःचं यंत्र. म्हणून तो पत्ता बदलून तिथे डोमेनचं नाव घालावं लागतं. एकाच पानावर 'रिव्हर्स' दोनदा येतं: एकदा उलटतपासणीतलं, एकदा उलट टपालातलं. दोन्हीकडे एकच मराठी शब्द डोळे मिटून टाकला की सूचना निरुपयोगी होते.

आता 'प्रतिनिधी'. इंग्रजी 'प्रॉक्सी' हे 'प्रोक्युरसी'चं आक्रसलेलं रूप. मुळात लॅटिन क्रियापद, अर्थ 'दुसऱ्याच्या कामाची काळजी वाहणे'. त्या हिशेबाने प्रतिनिधी किंवा मुखत्यार जवळचे वाटतात. पण प्रतिनिधी उघडपणे प्रतिनिधी म्हणून समोर येतो. प्रल्हाद निराजींना राजाराम महाराजांनी प्रतिनिधिपद दिलं, तेव्हा समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं की हे स्वतः छत्रपती नाहीत. रिव्हर्स प्रॉक्सीच्या बाबतीत येणाऱ्याला ते माहीतच नसतं. त्याच्या लेखी तीच सर्व्हर.

'मध्यस्थ' मला त्याहून बरा वाटतो, कारण 'मध्ये उभा असलेला' हा त्याचा शब्दशः अर्थ इथे चपखल बसतो. अडचण एवढीच की 'मध्यस्थी' म्हटलं की दोन पक्षांत तडजोड घडवणारा तटस्थ माणूस डोळ्यांपुढे येतो. रिव्हर्स प्रॉक्सी तटस्थ नाही, ती पूर्णपणे सर्व्हरच्या पक्षाची. म्हणून समजावून सांगताना मी 'सर्व्हरच्या बाजूचा मध्यस्थ' असं लिहितो.

हे मध्ये उभं राहणं लॉगमध्ये, म्हणजे कोण कुठून आलं याच्या नोंदींमध्ये, फार स्पष्ट दिसतं. नवं ॲप प्रॉक्सीमागे लावलं की पहिल्याच दिवशी त्याचा लॉग उघडून पाहा. ओळीमागून ओळ १२७.०.०.१. जगभरातून माणसं आली, पण ॲपच्या मते सगळे याच यंत्रावरून आले. येणाऱ्याला जी सर्व्हर वाटते, तीच मागच्या ॲपला पाहुणा वाटते. खरा पत्ता मागे पोचवायचा तर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हे हेडर जोडावं लागतं, आणि ॲपलाही सांगावं लागतं की या प्रॉक्सीने दिलेल्या त्या हेडरवर विश्वास ठेव.

लिंगाचं फार ताणू नये. 'कॉपी', 'बॅटरी'प्रमाणे ईकारान्त म्हणून ती प्रॉक्सी. 'प्रॉक्सी सर्व्हर' म्हटलं की तो.

काम करणारे आपसात काय बोलतात तेही ऐकावं: 'पुढे एनजिनएक्स आहे, मागे नोड चालतंय.' (एनजिनएक्स हा वेब सर्व्हर इथे रिव्हर्स प्रॉक्सीचं काम करतो, आणि नोड मागचं ॲप चालवतं.) पुढे आणि मागे, बस. एनजिनएक्स मागच्या सर्व्हरला 'अपस्ट्रीम' म्हणतं. त्याचं 'ऊर्ध्वप्रवाह' करण्यापेक्षा 'मागचा सर्व्हर' लिहिलेलं कुणालाही कळतं. एक खाच मात्र आहे. 'फॉरवर्ड'साठी आपण सहज 'पुढे पाठवा' लिहितो, आणि मग वाक्य होतं 'विनंती मागच्या सर्व्हरकडे पुढे पाठवा'. वाचणारा थांबतो. तिथे 'पोचवा' किंवा 'सोपवा' वापरावं.

तेव्हा बटणावर 'रिव्हर्स प्रॉक्सी चालू करा' एवढंच असू द्या. नाव तसंच ठेवायचं, कारण अडलेला माणूस याच नावाने मदत शोधणार आहे. 'सक्षम' हे माणसाला किंवा संस्थेला शोभणारं विशेषण. बटणाला 'चालू' पुरतं. खाली बारीक अक्षरात समजूत द्या: 'या डोमेनवर आलेली प्रत्येक विनंती खालील पत्त्यावरच्या सर्व्हरला पोचवली जाईल आणि त्याचं उत्तर याच डोमेनच्या नावाने परत जाईल.' पत्त्याच्या चौकटीला 'मागच्या सर्व्हरचा पत्ता' म्हणा, आणि शेवटच्या तिरप्या रेघेबद्दल तिथेच एक ओळ टाका. एनजिनएक्समध्ये ती रेघ असली की 'लोकेशन' या सूचनेत दिलेल्या मार्गाशी जुळलेला भाग काढून त्याजागी ती बसते, नसली की पूर्ण मार्ग जसाच्या तसा मागे जातो. 'पान सापडत नाही' अशा कितीतरी तक्रारींचं मूळ तेवढ्या एका रेघेत असतं.

याच सूचनांमध्ये पुढे '५०२ बॅड गेटवे' हा त्रुटीसंदेश येईल, त्याचं 'खराब प्रवेशद्वार' करू नका. २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या अधिकृत मानक-दस्तऐवजात 'गेटवे' हे रिव्हर्स प्रॉक्सीचंच दुसरं नाव म्हणून दिलं आहे, पण ५०२ दिसतो तेव्हा दार शाबूत असतं. मागचं ॲप बंद पडलेलं असतं किंवा भलतंच काही बोलत असतं. मी तिथे 'मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही' असं लिहीन, आणि '५०४ गेटवे टाइमआउट'ला 'मागच्या सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही'.