मठ, हवेली, खाणकामगारांचं घर आणि आता बुद्धमंदिर

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये बॅरो इथे नर्स आहे. मध्यंतरी ती जवळच्या अल्व्हरस्टनची कॉनिशेड प्रायरी बघून आली. जुन्या ख्रिस्ती मठात आता बुद्धमूर्ती आहे म्हणे. फोटो बघून ऊर भरून आला, पण मन थोडं कचरलंही. कुणाचं प्रार्थनास्थळ काढून घेऊन तर हे झालं नाही ना? आणि तिथला धम्म आपलाच का? – एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : जयभीम, ताई. मनातली टोचणी आधी काढून टाका. बौद्धांनी तिथे कुणाचंही चर्च घेतलेलं नाही. मठ मोडला तो इंग्लंडच्याच राजाने. आठव्या हेन्रीने पोपशी फारकत घेतली आणि देशभरातले मठ बरखास्त केले, त्यात 1536-37च्या सुमारास कॉनिशेडही गेलं. मठाच्या इमारती पाडल्या गेल्या, जमीन खाजगी मालकांकडे गेली. तुमच्या मुलीने पाहिलेले उंच मनोरे आणि टोकदार कमानी म्हणजे कर्नल ब्रॅडिल नावाच्या जमीनदाराची हवेली. फिलिप वायट या वास्तुविशारदाकडून त्याने ती 1821पासून बांधून घेतली, काम पंधराएक वर्षं चाललं. दिसावी मध्ययुगीन मठासारखी, हीच त्याची हौस होती, त्यामुळे आजही बघणाऱ्याची गल्लत होते.

मूळ मठाची सुरुवात मात्र तुम्हाला आवडेल. बाराव्या शतकात गॅमेल द पेनिंग्टनने अल्व्हरस्टनच्या गोरगरिबांसाठी इथे रुग्णाश्रम काढला. तो ऑगस्टिनियन साधू चालवत, पुढे त्याचाच मठ झाला. आजारी माणसाची सेवा या जागेला अशी चिकटली, ती फिरून फिरून परत आली.

ब्रॅडिलने डरहॅमच्या कोळसा खाणींत पैसा ओतला आणि त्याचं दिवाळं वाजलं. हवेली विकली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जलोपचाराचं हॉटेल निघालं, 1883मध्ये पाहुण्यांसाठी रेल्वेचा फाटाही आला. तो थाट फार टिकला नाही. पण 1930मध्ये जे घडलं ते मला या वास्तूच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं पान वाटतं. त्याच डरहॅमच्या खाणकामगारांसाठी तिथे विश्रांतिगृह सुरू झालं. 1920च्या कायद्यानुसार खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कामगार कल्याण निधीत जमा होत असे, त्या व्यवस्थेतून अशी घरं उभी राहत होती. जमिनीखाली कोळशाची धूळ छातीत भरून घेणारा माणूस, दुखण्यातून उठल्यावर, मालकाने स्वतःसाठी बांधलेल्या रंगीत काचांच्या दालनात बसून समुद्राची हवा खात होता! दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं; युद्धानंतर खाणकामगार परत आले आणि 1972पर्यंत येत राहिले.

पुढची चारेक वर्षं घर रिकामं पडलं आणि तेवढ्यात त्याचा जीव जायची वेळ आली. माझं काम जुन्या इमारतींच्या जतनाचं, म्हणून इथे जरा थांबते. तिकडच्या ओल्या हवेत लाकडाला ‘ड्राय रॉट’ नावाची बुरशी धरते. एक पन्हळ तुंबली, भिंत आतून ओली राहिली, की तिला पुरतं. तिचे तंतू चुन्या-विटांतून वाट काढत कोरड्या लाकडापर्यंत पोचतात. अशी एक तुळई मी हातात घेतली आहे. वरचा रंग शाबूत, आत उभ्या-आडव्या भेगांनी लाकडाचे चौकोनी तुकडे झालेले, बोटाने दाबलं की भुगा. उपायाला आडवाट नाही. पाणी कुठून येतं ते शोधायचं, गिलावा खरवडायचा, सडलेलं लाकूड चांगल्या लाकडात हातभर आत जाऊन कापायचं, आणि वारा खेळू द्यायचा. माणूस राहत असेल तर ओल पहिल्या पावसातच कळते. रिकाम्या घरात कोण बघणार?

1976मध्ये बौद्धांच्या मंजुश्री इन्स्टिट्यूटने घेतलं ते हे असं घर. पैसा बेताचा. अभ्यासाला आलेल्या मंडळींनीच हातात छिन्नी-हातोडी घेतली आणि वर्षानुवर्षं हे काम केलं. ध्यानाचे वर्ग आणि दुरुस्ती एकाच छपराखाली चालली. ती माणसं आली नसती तर तुमच्या मुलीला फोटो काढायला काही उरलं असतं, असं मला वाटत नाही. बुद्धमंदिर तर त्यांनी हवेलीत घुसवलंही नाही. जुन्या भाजीबागेच्या जागेवर नवं बांधलं, ते 1997मध्ये उघडलं. जुन्या वास्तूशी वागण्याची ही रीत मला फार पटते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 1956मध्ये बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या धम्माचा हा प्रवाह नव्हे. हे तिबेटी गेलुग परंपरेतून आलेलं आहे. गेशे केल्संग ग्यात्सो इथे शिकवायला आले आणि 1991मध्ये त्यांनी ‘न्यू कदम्प ट्रॅडिशन’ ही स्वतंत्र संस्था स्थापली. दोर्जे शुग्देन या देवतेच्या उपासनेवरून तिचा दलाई लामांशी तीव्र मतभेद आहे. मुलगी तिथे शिकायला जाणार असेल तर हे तिने आधी माहीत करून घ्यावं. बुद्ध एकच असला तरी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीला तिथले देव-देवता आणि विधी परके वाटतील, हेही सांगून ठेवते.

पुन्हा गेली तर तिला ओक लाकडाच्या कोरीव फळ्यांनी भिंती मढवलेली खोली बघायला सांगा. ब्रॅडिलने ती सॅम्लझबरी हॉल या जुन्या वाड्यातून आणवली होती. नंतर रानातली पायवाट धरून किनाऱ्यावर जावं. ओहोटीला लेव्हन नदीच्या मुखाची वाळू मैलोन्‌मैल उघडी पडते आणि चालत पार जाता येईल असं वाटतं. पण रेतीत पाय रुततो आणि भरती झपाट्याने येते. जुन्या काळी प्रवाशांना ही वाळू पार करून देण्याची जबाबदारी मठाकडे होती. मठ गेल्यावर राजसत्तेने ती घेतली आणि ही नदी जिथे मिळते त्या मोरकॅम उपसागरात अजूनही अधिकृत वाटाड्या नेमला जातो. तिला म्हणावं, किनाऱ्यावर हवं तेवढं फिर, वाटाड्या बरोबर नसेल तर वाळूत उतरू नकोस.