रिपोर्टात बी सेल शून्य, आता काय?

प्रश्न: सासूबाई ६१ वर्षांच्या, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मागच्या वर्षी त्यांच्या तोंडात फोड यायला लागले, सगळे म्हणाले उष्णता आहे, गुलकंद द्या, मग पाठीवर पण आले आणि बायोप्सीत पेम्फिगस हा फोडांचा आजार निघाला. १५ दिवसांच्या अंतराने रिटुक्सिमॅबची दोन इंजेक्शनं झाली. फोड कमी आहेत पण आता रिपोर्टात सीडी१९ बी सेल जवळपास शून्य! प्रतिकारशक्ती संपली का? आधीच्या लशी वाया? आणि पोहे कधी खाऊ, हे त्या रोज विचारतात.
— एक सूनबाई

उत्तर: अहो सूनबाई, हा शून्य आणायलाच तर इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे औषधाने काम केलंय.

गंमत अशी की बी सेल म्हणजे अँटीबॉडीच्या कामातल्या पांढऱ्या पेशी, पण ती एकच जात नाही. (बी म्हणजे दोन नंबरची असंही नाही, कोंबडीतल्या बर्सा नावाच्या अवयवात त्या आधी सापडल्या म्हणून बी.) बोन मॅरोमध्ये जन्मतात, बाहेर पडतात तेव्हा कोऱ्या असतात, कुठला जंतू भेटला की काही मेमरी सेल होतात, काही घाईघाईत अँटीबॉडी काढून थोड्याच दिवसांत मरतात, आणि काही प्लाझ्मा सेल होऊन परत बोन मॅरोत जाऊन बसतात ते वर्षानुवर्षं तिथूनच अँटीबॉडी सोडत राहतात. रिटुक्सिमॅब पकडतं सीडी२० ला, म्हणजे बी सेलच्या अंगावरच्या एका खुणेला (रिपोर्टातलं सीडी१९ ही पण तशीच खूण), आणि ते सीडी२० या जुन्या प्लाझ्मा सेलवर नसतंच! म्हणून सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लशीचा वण असेल तर त्या अँटीबॉडी, धनुर्वाताच्या पण, बऱ्याचशा शाबूत.

मग फोड का कमी झाले? कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं डेस्मोग्लीन असतं, पेम्फिगसमध्ये शरीर त्याच्याच विरुद्ध अँटीबॉडी काढतं, पण त्या काढणाऱ्या पेशी बहुतेक अल्पायुषी, मागून नवा पुरवठा लागतो, तो थांबला की अँटीबॉडी हळूहळू उतरतात. सगळीकडे असं सरळ नसतं हं. ल्युपसमध्ये (तिथेही शरीर स्वतःवरच उलटतं) अँटी-रो नावाची अँटीबॉडी या औषधानंतरही हटत नाही, आणि मायलोमा तर प्लाझ्मा सेलचाच कॅन्सर, तिथे सीडी३८ ला धरणारी वेगळी औषधं वापरतात.

खरी अडचण नव्या जंतूंची, कारण कोऱ्या पेशीच नाहीत. साधारण सहा महिने ते वर्षभरात त्या परततात, तोवर नवी लस नीट लागत नाही, जिवंत जंतूंची लस तर नकोच, आणि रंगपंचमीच्या गेरीत, त्या मिरवणुकीच्या गर्दीत, सासूबाईंना नेऊ नका. आधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झाली होती का ते फाइलमध्ये बघाच, जुना व्हायरस दबून असला तर या औषधाने तो उठतो आणि लिव्हरला महागात पडतं. स्टेरॉइड चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका.

पोहे आजच द्या, मऊ करून. शेव, जिरावण मसाला आणि लिंबू मात्र तोंड पूर्ण भरेपर्यंत नाही, कितीही रुसल्या तरी.