ओढ्याचं पाणी मोजणाऱ्या मुलीला नोकरी कोण देणार?

जांबोटी भागातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बेळगावात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाहुणे म्हणतात, पुण्याला आयटीत पाठवा. तिला मात्र कुठल्या ओढ्यावर किती वीज होईल, हे संगणकावर शोधायचं शिक्षण घ्यायचंय. वडील विचारतात, "नकाशे रंगवून लाईट येते होय? आणि यात पोट भरतंय का?"

नमस्कार. नुसत्या नकाशानं लाईट येत नाही, हे तुमचं बरोबरच आहे. गोकाकला घटप्रभा 52 मीटर खाली कोसळते. तिथं 1887 पासून पाण्याच्या जोरावर गिरणी चालू लागली, कारण जागा कुणाच्याही डोळ्यांत भरावी अशीच होती. खानापूरच्या रानातले ओढे तसे दिसत नाहीत. म्हणून उपग्रहानं टिपलेल्या उंचीवरून क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ओढ्याची वाट, पाणलोट आणि कमी अंतरात जास्त उतार कुठं मिळतो ते काढतात. मग पाऊस, माती, जंगल, शेती यांची माहिती स्वॅट नावाच्या मॉडेलला दिली की रोज किती पाणी वाहील याचा अंदाज येतो.

अंदाजच तो. दाट झाडीत उपग्रह कधी कधी झाडाचा शेंडाच जमीन समजतो. आणि लहान ओढ्यांवर पाण्याची नोंद ठेवणारं सहसा कुणी नसतं, मग मॉडेल खरं की खोटं ताडून बघायचं कशाशी?

म्हणून मुलीला आधी एक काम सांगा. घराजवळच्या ओढ्याचा दहा मीटर सरळ पट्टा धरायचा. एक संत्रं सोडायचं, मोबाईलवर वेळ लावायची. समजा वीस सेकंद लागले. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून वेगाला 0.85 नं गुणायचं. पात्र 2 मीटर रुंद, काठीनं मोजलेली सरासरी खोली 30 सेंटिमीटर, तर सेकंदाला साधारण 255 लिटर पाणी झालं. उतार, म्हणजे पाणी वरून जिथं घ्यायचं आणि खाली जिथं सोडायचं त्यांच्या उंचीतला फरक, गवंड्याच्या लेव्हल पाईपनं टप्प्याटप्प्यानं मोजता येतो. 20 मीटर निघाला आणि यंत्रातली घट धरली, तर 35 किलोवॅट. आकडा ऐकायला छान वाटतो, पण एप्रिलमध्ये त्याच जागी सेकंदाला 10 लिटर उरले, तर दीड किलोवॅटही होत नाही. या धंद्याची सगळी मेख या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. दर महिन्याला ठरावीक दिवशी मोजायला सांगा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. पावसाळ्यात ओढा फुगलेला असताना तर पाण्यात उतरायचंच नाही.

आता पोटाचं. आपल्याकडे 25 मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प लघुजलविद्युत म्हणून धरतात. तेवढ्यावरच नोकरी शोधायची म्हटलं तर जागा मोजक्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हेच शिक्षण पूररेषा आखायला, पुलाची उंची ठरवायला, धरणात किती पाणी येईल ते सांगायला आणि शहराच्या पाणीपुरवठ्याला लागतं. म्हणून पुढची पदवी 'जलविज्ञान' किंवा 'जलसंपदा अभियांत्रिकी'ची घ्यावी, वीज हा त्यातला एक विषय असू दे. त्यासाठीची गेट ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. सुरतकलच्या एनआयटीत जलसंपदेचा विभाग आहे. रुरकीच्या आयआयटीत तर जलविद्युत आणि नवीकरणीय ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे, 1982 साली एक केंद्र म्हणून तो सुरू झाला. आयटीतला पहिला पगार यापेक्षा मोठा दिसेल, पाहुण्यांचं तेवढं खरं.

आणि एक, आपल्या सीमाभागातल्या पोरांना मी नेहमी सांगते. ओढ्याकाठी मराठी चालेल, पण पाटबंधारे खात्याच्या कचेरीतले कागद कन्नडात असतात. ते वाचता येत नसतील, तर आताच शिकून घ्यावं. राग-लोभ घरी ठेवून.

एप्रिलचा आकडा निघाला की कळवा. तोवर ती स्वतः संत्रं घेऊन ओढ्यावर जाते, की तुम्हाला पाठवते, तेही लिहा.