डी ड्राइव्हमधलं खरेदीखत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी 26 वर्षं दस्तलेखनाचं काम करतो. खरेदीखतं, साठेखतं, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं मिळून चौदा-एक हजार फाइली कॉम्प्युटरवर आहेत. पक्षकार येतो आणि म्हणतो, "आमच्या वडिलांचं 2011 चं खत तुमच्याकडंच झालं होतं, बघा की." मी नाव टाकून शोध लावतो, आणि वरची हिरवी पट्टी सरकतच राहते. त्याचा चहा संपतो तरी पट्टी संपत नाही. मुलगा म्हणतो, इंडेक्सिंग चालू करा. ते कसं करायचं? त्यानं मशीन आणखी स्लो तर होणार नाही ना?
– एक दस्तलेखक, वाई

उत्तर : दादा, इंडेक्स म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगावं! सूची क्रमांक 2 चे उतारे तुम्ही लोकांना रोज काढून देता. सूची 1 माणसांच्या नावांची, सूची 2 मिळकतींची. समजा, नोंदणी कार्यालयात या सूच्याच नसत्या, तर एका गट नंबरसाठी सगळे खंड पहिल्या पानापासून चाळावे लागले असते. तुमचं मशीन सध्या तेच करतंय. इंडेक्स असला की प्रत्येक शब्दापुढं तो कुठल्या कुठल्या फाइलींत आहे याची नोंद तयार असते. मग फाइली उघडायच्या नसतात, फक्त नोंद बघायची.

विंडोज अशी सूची स्वतःहून करतं, पण मुख्यतः डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप असल्या ठरलेल्या जागांची. तुमचे दस्त डी ड्राइव्हवर असणार, हे मी पैजेवर सांगते. आपल्याकडं मशीन बसवून देणारा प्रत्येक जण जाताना बजावतो, "सी मध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारला तर जाईल." सल्ला चांगलाच आहे, पण त्यामुळं ऑफिसचा सगळा माल सूचीच्या बाहेर राहतो.

तर स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' टाइप करा (अर्थात इंग्रजीत). ते उघडलं की 'मॉडिफाय' दाबा आणि डी ड्राइव्हमधल्या फक्त दस्तांच्या फोल्डरवर टिक करा. अख्ख्या डी वर नको, तिथं भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओही असतील. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'फाइल टाइप्स' बघा. डॉक, डॉकएक्स आणि पीडीएफ या तिन्हींपुढं 'फाइल कॉन्टेन्ट्स'चा पर्याय निवडलेला हवा. नाहीतर नुसती फाइलींची नावं नोंदली जातात, आतला मजकूर नाही. सेटिंग्जमध्ये 'एनहान्स्ड' नावाचा आणखी एक प्रकार दिसेल. तो सगळं मशीनच सूचीत घेतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे संध्याकाळी करा आणि मशीन रात्रभर चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. तुम्ही काम करत असलात की इंडेक्सिंग आपणहून हळू होतं. तिथंच 'रीबिल्ड' असं एक बटण आहे. मी एकदा एका गिऱ्हाइकाकडं सकाळी अकरा वाजता, ऐन गर्दीत, ते दाबलं. जुनी सूची पुसली गेली, नवी व्हायला संध्याकाळ झाली आणि दिवसभर त्यांना काहीच सापडेना. त्या दिवशीचे पैसे मी मागितले नाहीत.

मशीन स्लो होईल का? पहिली रात्र डिस्कला काम पडेल. पुढं फक्त नव्या आणि बदललेल्या फाइलींची नोंद होत राहते. सूचीची जागा साधारणपणे मूळ फाइलींच्या दहा टक्क्यांहून कमी असते.

पण दादा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही 'खरेदीखत' टाकाल आणि चौदा हजारांतले जेमतेम काही शे दिसतील. तेव्हा मुलाला ओरडू नका. 2011 चा कुठलाही दस्त वर्डमध्ये उघडा, एक ओळ सिलेक्ट करा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. 'लिहून देणार' जाऊन तिथं इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टोप्या-टिंबं घेतलेली अक्षरं आणि चिन्हं अशी खिचडी आली, तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला आहे. फाइलीत मराठी कधी नव्हतंच, होती ती ही खिचडी, फॉन्ट तिला मराठीचा मुखवटा चढवत होता. सूचीतही खिचडीच नोंदली जाणार. मी स्वतः अकरा वर्षं डीटीपी केलंय, लग्नपत्रिकांपासून पतसंस्थांच्या अहवालांपर्यंत, सगळं याच फॉन्टमध्ये. आज माझंच काम मला शोधून मिळत नाही.

यावर उपाय कन्व्हर्टरचा. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलीत खरोखरच मराठी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून मिळतो, पण जोडाक्षरं तपासावी लागतात. चौदा हजार दस्त एकदम करायच्या भानगडीत पडू नका. जो दस्त कामासाठी उघडाल तो बदला, आणि नवा प्रत्येक दस्त युनिकोडमध्येच टाइप करा. बाकीच्यांची निदान नावं नीट द्या. 'नवीन दस्त फायनल 2' कसलं नाव? '2011 बावधन गट 412 जाधव' असं द्या. मग 'एव्हरीथिंग' नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका. तो डिस्कवरची नावांची यादीच वाचतो, त्यामुळं तीन अक्षरं टाइप होईपर्यंत फाइल समोर येते. मजकुराचं काम मात्र विंडोजच्या सूचीकडंच राहू द्या.

नोंदणी झालेल्या दस्तांचे स्कॅन हा वेगळा विषय. पीडीएफमधली ओळ माउसनं सिलेक्ट होत नसेल तर तो नुसता फोटो आहे. त्यावर ओसीआर करावं लागतं, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यावा लागतो. टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम छापील मराठी वाचतो. हातानं लिहिलेले जुने दस्त त्याच्याकडून वाचून होतील अशी आशा धरू नका.

आणि शोधताना आपलं व्याकरण आडवं येतं. 'पाटील' टाकलंत तर 'पाटलांनी लिहून दिले' सुटतं, कारण शोध शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवला जातो आणि 'ल' च्या आधीची वेलांटी गेलेली असते. म्हणून 'पाट' एवढंच टाका. 'शिंदे' ऐवजी 'शिंद', म्हणजे 'शिंद्यांचा'ही येईल. 'सातारा' ऐवजी 'साता'. जाधवांचं बरं असतं, ते कुठल्याही विभक्तीत जाधवच राहतात. गट नंबर दोनदा शोधा, एकदा 412 आणि एकदा ४१२. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, मशीनला वेगळी चिन्हं दिसतात.

चहा संपवून बसलेल्या त्या पक्षकाराचं खत आजच हवं असेल, तर यातलं काही करत बसू नका. दस्तांचं फोल्डर 'डेट मॉडिफाइड'वर लावा आणि 2011 पर्यंत खाली जा. 'डेट क्रिएटेड' बघू नका, जुन्या मशीनवरून फाइली कॉपी केल्या असतील तर तिथं कॉपी केल्याचीच तारीख दिसेल.