संगणक सल्ला : वीज आल्यावर रुसणारे संगणक

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटूचे (लिनक्स) ४० संगणक आहेत. सगळ्यांवर एका जागेवरून सॉफ्टवेअर टाकता यावं म्हणून पपेट सर्व्हर बसवला. पण लोडशेडिंग झालं की दोन-चार संगणक ‘सर्टिफिकेट अजून वैध नाही’ म्हणून अडून बसतात. सर्व्हर नव्याने बसवावा का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : सर्व्हरला हात लावू नका. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरने प्रत्येक संगणकाला दिलेलं मुदतीचं डिजिटल ओळखपत्र. अडलेल्या संगणकावर आधी तारीख बघा; ती मागची निघण्याची शक्यता दाट आहे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल उतरला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि गेल्या महिन्यात दिलेलं सर्टिफिकेट त्या संगणकाला उद्याचं वाटतं. पपेट सर्टिफिकेटची मुदत आदल्या दिवसापासून धरतं, म्हणून पाच-दहा मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही. तारीखच चुकलेली असली तर मात्र अडतं.

जुन्या लॅबमध्ये सगळेच सेल एकदम बदलून टाका, आणि पहिला सर्व्हरचा. मग सर्व्हरवर क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) बसवून त्याच्या फाइलमध्ये ‘अलाउ’पुढे लॅबचा नेटवर्क पत्ता आणि खाली ‘लोकल स्ट्रॅटम १०’ लिहा. म्हणजे इंटरनेट बंद असतानाही तो लॅबला वेळ देत राहील. बाकीच्या संगणकांच्या क्रोनीला हाच सर्व्हर दाखवा आणि ‘मेकस्टेप १ ३’ ही ओळ ठेवा. ती नसेल तर मोठा फरक हळूहळू भरून काढण्यात क्रोनी अडकून राहतो. वेळ जुळली की जुनंच सर्टिफिकेट चालतं, नवीन काढायची गरज नाही.

आणखी एक. वीज आली की चाळीसही संगणक एकदम सुरू होतात आणि एकदमच सर्व्हरवर तुटून पडतात. एजंटच्या, म्हणजे प्रत्येक संगणकावरच्या पपेट प्रोग्रामच्या, फाइलमध्ये ‘स्प्ले’ ट्रू करा, म्हणजे ते अर्ध्या तासात विखुरले जातात. सर्व्हरची मेमरी ४ जीबीपेक्षा कमी नको. पपेट सर्व्हर जावावर चालतो आणि एकटी जावाच मुळात २ जीबी मागते. यूपीएस एकच परवडत असेल तर तो सर्व्हरला द्या. तरीही सर्व्हर बंद पडलाच, तर एजंट आधी मिळालेल्या सूचनांवर काम चालवतात.

प्रश्न : एका संगणकावर एजंट बसवून त्याची डिस्क बाकीच्या २० संगणकांवर क्लोन केली. सर्व्हरवर मात्र एकच नाव दिसतं. – एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाव आणि सर्टिफिकेटची किल्ली दोन्ही क्लोन झाल्या, म्हणून सर्व्हरला ते वीसही एकच वाटतात. प्रत्येकावर एजंट थांबवा, होस्टनेम (संगणकाचं नेटवर्कवरचं नाव) बदला आणि पपेटच्या फोल्डरमधलं ‘एसएसएल’ फोल्डर पूर्ण उडवा. पपेटच्या फाइलमध्ये ‘सर्टनेम’ (सर्टिफिकेटवरचं नाव) हाताने लिहिलेलं असेल तर तेही बदला (इंग्रजी अक्षरं लहानच, कॅपिटल चालत नाहीत), नाहीतर सगळं करून पुन्हा तेच नाव येईल. मग एजंट ‘टेस्ट’सह चालवा. सर्व्हरवर आलेली विनंती ‘सीए लिस्ट’मध्ये बघून एकेक ‘साइन’ (मंजूर) करा.

कंटाळून ‘ऑटोसाइन’ (न बघता आपोआप मंजुरी) सरसकट चालू करू नका. कॅम्पसच्या वायफायवरचा कोणताही लॅपटॉप सर्टिफिकेट घेईल आणि तुमच्या सूचनांमध्ये लिहिलेले पासवर्डही वाचेल. पुढच्या वेळी ‘एसएसएल’ फोल्डर काढूनच क्लोन घ्या.

प्रश्न : आमच्या सेंटरवर आठच लिनक्स संगणक आहेत. पपेट हवंच का? – एक वाचक, परभणी

उत्तर : नको. अँसिबल पुरे; तेही एका जागेवरून सगळे संगणक सांभाळतं. वेगळा सर्व्हर नाही, एजंट नाही. समोरच्या संगणकांवर एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन करायची सोय) आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा असली की झालं. आधी ‘चेक’ लावून काय बदलेल ते बघून घ्या. मात्र त्या वेळी बंद असलेला संगणक सुटतो, तो सुरू झाल्यावर पुन्हा चालवावं लागतं. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी मोठ्या लॅबला पपेट सोयीचं पडतं ते याचमुळे : संगणक सुरू झाला की तो स्वतःच सर्व्हरकडे विचारायला जातो.