'जनुकीय सुधारित' की 'जनुकपरिवर्तित'?

प्रश्न असा आहे: जीएम ('जेनेटिकली मॉडिफाइड', म्हणजे ज्यांच्या जनुकांत प्रयोगशाळेत बदल केला आहे अशा पिकांच्या) अन्नाबद्दलच्या मराठी मजकुरात कुठे 'संकरित', कुठे 'जनुकीय सुधारित' तर कुठे 'जनुकीय परिवर्तित' असे वाचायला मिळते. यांतला योग्य शब्द कोणता, आणि पाकिटावर छापायचा झाला तर कोणता छापावा?

'संकरित' आधी बाजूला काढू, कारण तो इथे सरळ चूक आहे. संकर म्हणजे एका वाणाच्या परागाने दुसऱ्या वाणाचे फलन घडवून आणणे. जीएम मक्याच्या कित्येक वाणांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले असते. मका आणि जिवाणू यांचा संकर कधीच होऊ शकत नाही.

खरा घोळ 'सुधारित'चा आहे. 'सुधारित वेळापत्रक', 'सुधारित अंदाजपत्रक' म्हणताना आपल्याला फक्त 'फेरफार केलेले' एवढेच म्हणायचे असते. नवे वेळापत्रक जुन्याहून गैरसोयीचे असले तरी ते 'सुधारित'च. 'मॉडिफाइड'साठी हा शब्द ज्याने घेतला, त्याच्या मनात हाच अर्थ असावा. पण तोच शब्द बियाण्याशेजारी आला की त्याचा रंग पालटतो. 'सुधारित वाण' म्हणजे जास्त उतारा देणारा, रोगाला सहजी बळी न पडणारा, थोडक्यात आधीच्यापेक्षा चांगला. त्यामुळे 'जनुकीय सुधारित सोयाबीन' वाचणाऱ्यापुढे जीएम अन्न चांगले की वाईट या वादाचा निकाल आधीच लागलेला असतो. 1994 मध्ये अमेरिकेत 'फ्लेव्हर सेव्हर' हा जनुकबदल केलेला टोमॅटो विक्रीला आला, तेव्हापासून हा वाद जगभर चालू आहे. त्यात एका बाजूचे मत विशेषणातच गुंडाळून देणे मला रास्त वाटत नाही. कुणी 'जनुकदूषित' लिहिले तर त्यालाही माझी हीच हरकत राहील.

म्हणून 'परिवर्तित'. मात्र 'जनुकीय परिवर्तित' असे सुटे लिहिले की 'जनुकीय' हे विशेषण लोंबकळत राहते. आपण 'हस्तीय लिखित' किंवा 'यंत्रीय चलित' म्हणत नाही, 'हस्तलिखित' आणि 'यंत्रचलित' म्हणतो. तसाच 'जनुकपरिवर्तित' हा सामासिक शब्द सरळ होतो. बोलण्यात 'जनुकबदल केलेला मका' त्याहून सोपे, आणि पाकिटासाठी माझी पसंती त्यालाच. 'जीएम' ही अक्षरे मथळ्यात ठीक आहेत, पण ज्यांना ती आधीच माहीत आहेत त्यांनाच ती काही सांगतात.

पाकिटाच्या बाबतीत मात्र विशेषणापेक्षा त्याच्या मागेपुढे येणारे शब्द जास्त महत्त्वाचे ठरतात, आणि मराठी मजकुरात हेच सर्वाधिक ढिसाळपणे वापरले जातात. युरोपीय संघाचे 2003 चे नियम पाहा. अन्नात जनुकपरिवर्तित घटक असेल तर लेबल लागते. त्या घटकापासून काही तयार केले असेल तरीही लागते. जनुकबदल केलेल्या बीटपासून काढलेल्या शुद्ध साखरेत बदललेले जनुक सापडत नाही, तरी तिच्यावर उल्लेख हवा. पण जनुकपरिवर्तित सूक्ष्मजीवांकडून मिळवलेल्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने दूध साकळवून चीज केले, तर लेबलाची सक्ती नाही. जीएम चारा खाल्लेल्या जनावराच्या मांसालाही ती नाही. म्हणजे 'असलेले', 'पासून तयार केलेले' आणि 'च्या साहाय्याने केलेले' यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. या तिन्हींसाठी सरसकट 'जीएमयुक्त' लिहिणारा अनुवाद वाचकाची दिशाभूल करतो. '-युक्त' फक्त पहिल्या प्रकारालाच लावावे.

अमेरिकेने वेगळाच शब्द निवडला. तिथला कायदा 2016 चा, सक्ती 1 जानेवारी 2022 पासून, आणि लेबलावर शब्द आला 'बायोइंजिनिअर्ड'. लोक वर्षानुवर्षे 'जीएमओ' (जीएम सजीव) म्हणत आले होते. माहिती देण्यासाठी केलेल्या लेबलावर लोकांच्या तोंडी नसलेला शब्द छापायचा, हे मला पटत नाही. त्या नियमांत, ज्या शुद्ध साखरेत किंवा तेलात बदललेला जनुकीय अंश सापडत नाही तीही वगळली गेली. तीच साखर एकीकडे लेबलाची, दुसरीकडे बिनलेबलाची.

आणखी एक सावधगिरी. 'जनुके असलेले अन्न', 'जनुकयुक्त टोमॅटो' अशी शब्दयोजना कृपया करू नये. जनुके प्रत्येक टोमॅटोत असतात. हा गैरसमज किती खोल आहे ते 2015 मध्ये ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत दिसले: डीएनए (जनुके ज्याची बनलेली असतात तो रेणू) असलेल्या अन्नावर सक्तीचे लेबल हवे, असे 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितले. अशा वाचकापुढे 'जनुकयुक्त' शब्द टाकला की तो घाबरणारच.

लेबल म्हणजे धोक्याचा इशारा, असाही अर्थ त्यातून काढू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2016 च्या अहवालानुसार, बाजारात असलेल्या जनुकपरिवर्तित पिकांपासून केलेले अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा आरोग्याला अधिक घातक असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. तरीही बियाण्याची मालकी, तणनाशकांचा वापर किंवा नुसते आपण काय खातो ते कळावे, या कारणांसाठी लेबल मागणे पूर्ण वाजवी आहे. म्हणूनच मजकुरात 'सावधान' नको आणि 'सुधारित'ही नको.

'जनुकसंपादित' मात्र वेगळा ठेवा. क्रिस्पर तंत्राने वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करता येतो, बाहेरचे जनुक त्यात राहावे लागत नाही. युरोपीय न्यायालयाने 2018 मध्ये अशी पिके जनुकपरिवर्तितांच्याच नियमांखाली धरली. जपानमध्ये 2021 मध्ये जनुकसंपादित टोमॅटो विक्रीला आला तेव्हा लेबलाची सक्ती नव्हती. त्यामुळे बातमी कोणत्या देशाची आहे ते पाहून मगच दोनपैकी एक शब्द निवडावा.